कासमिनाचा चाळिसावा दिवस

कासमिनाला स्वतःचं तोंड भज्यांच्या कागदावर दिसलं, तेव्हा आधी तिला हसूच आलं.

गुरुवारची दुपार होती. यू तारवीच्या गाडीवरून तिने तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, चार भजी आणली होती, वर मूठभर हिरव्या मिरच्या. तारवी काही तिची सख्खी नव्हे, पण गल्लीतल्या सगळ्यांचीच ती यू, म्हणजे ताई. तिसरं भजं उचललं तर खालून एक बाई कासमिनाकडे बघत होती. तेलाने कागद आरपार झाला होता, त्यामुळे चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. कासमिनाचा उजवा डोळा मोतीबिंदूने केव्हाच पांढरा केला होता. तिने कागद डाव्या डोळ्याजवळ नेला. तिच्याच ओळखपत्राची झेरॉक्स होती ती, शेजारी ओळखपत्र धरलेला तिचा फोटो. नाव, जन्मतारीख, जावातल्या पेकालोंगानची गल्ली, आणि सगळ्यांत वर तो सोळा आकडी नंबर. कोपऱ्यात कोणीतरी लाल पेनाने एकच शब्द लिहिला होता: वापरलं.

ती तशीच चप्पल अडकवून गाडीवर गेली.

"यू, हा कागद कुठला गं?"

"रद्दीवाल्याचा. का, तेल फार झालं?"

"यात मी आहे."

तारवीने झारा बाजूला ठेवून कागद उजेडात धरला आणि पोट धरून हसली. "अगं बाई! चाळीस वर्षं बाटिक काढलंस, कोणी तुझा फोटो छापला नाही. माझ्या भज्यांनी छापला बघ!"

"अजून आहेत का?"

होते. कागदांच्या चळतीत अर्धी गल्ली निघाली. न्हावी होता, त्याची सासू होती, खुद्द तारवीही होती, आणि स्वतःचा फोटो बघून तिचं हसणं जरा कमी झालं. सगळ्यांच्या हनुवटीखाली ओळखपत्र, सगळ्यांचे डोळे फ्लॅशने मिटायला आलेले. कासमिनाला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या सभागृहात एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आला होता. ओळखपत्राची आणि कुटुंबपत्रिकेची झेरॉक्स द्या, फोटो काढू द्या, आणि गोड्या तेलाच्या दोन पिशव्या घेऊन जा. लोकांनी दारापासून चौकापर्यंत रांग लावली होती. एकट्या बू मुर्तिनीने, म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेल्या मुर्तिनीबाईने, आपल्या झेरॉक्सवर आडवं ठळक लिहिलं होतं: फक्त तेलापुरती. त्यावरून सगळ्यांनी तिची काय टर उडवली होती! कासमिनाच म्हणाली होती, "बू, तेल काय तुमचं ओळखपत्र घेऊन पळून जाणार आहे?"

बू मुर्तिनीचा कागद चळतीत नव्हता. आणि लाल अक्षर फक्त कासमिनाच्या कागदावर होतं, बाकी सगळे कोरे.

"फेकून दे," तारवी म्हणाली. "तेल आलं, संपलं, त्याला दोन वर्षं झाली." पण तिनेही आपला कागद घडी घालून कमरेला खोचला.

कासमिना घरी आली. एकटीच राहायची ती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. चुलीवर मेण वितळत होतं आणि दांडीवर अर्धवट काढलेलं कापड लटकत होतं. तांब्याच्या बारीक चोचीची लेखणी मेणात बुडवून रेघ ओढायची, हेच तिचं काम, आणि तिची रेघ आख्ख्या गल्लीत ओळखू यायची. हल्ली मात्र ती रेघ हलू लागली होती. डावा डोळाही धुरकटत चालला होता. सरकारी दवाखान्यात वर्षातून एकदाच डोळ्यांचे डॉक्टर येतात, ते या महिन्याच्या पंचविसाला यायचे होते. तेवढ्याच तारखेवर ती जीव टांगून बसली होती.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात दोनदा, संध्याकाळच्या नमाजानंतर, तिला खूप माणसं एकत्र पुटपुटत असल्यासारखं ऐकू आलं होतं. कोणाच्या तरी घरी मयताची दुआ चालावी तसं. पहिल्यांदा तिला वाटलं, मागच्या गल्लीत कोणी गेलं असेल. विचारलं तर कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, कारण त्या पुटपुटण्यात तिला आपलं नाव ऐकू आलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती दवाखान्यात नाव नोंदवायला गेली. खिडकीतल्या तरुणीने नंबर टाइप केला, पडद्याकडे बघितलं, परत टाइप केला.

"बू, तुम्ही पेशंटच्या कोण?"

"मीच पेशंट."

"नाही, म्हणजे कासमिना कोण लागतात तुमच्या?"

"अगं पोरी, मीच कासमिना. तुझ्यासमोर उभी आहे ना मी?"

त्या मुलीने मान वर केली नाही. आवाज मात्र तिने खाली आणला. "बू, इथे कासमिना वारल्यात असं दिसतंय. पाच आठवडे झाले. दुसऱ्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलात, किडनीच्या आजाराने. त्यामुळे मोफत उपचारांचं कार्ड बंद आहे. बंद कार्डावर ऑपरेशन नाही लावता येत."

मागे रांगेत एक म्हातारा खोकत होता, तोही थांबला. कासमिनाने दोन्ही हातांनी खिडकीची कड पकडली. भीती नंतर आली. आधी तिला लाजच वाटली, चारचौघांत काहीतरी अभद्र करताना पकडल्यासारखी.

"कुठल्या दिवशी गेले मी?" तिने विचारलं. आपण काय बोललो ते तिचं तिलाच उशिरा कळलं.

मुलीने तारीख सांगितली. कासमिनाने बोटांवर मोजलं. तारखा ती कधीच लक्षात ठेवायची नाही, पण जावात सात वारांच्या जोडीला पाच बाजार-दिवस चालतात, आणि ती जोडी तिथल्या माणसाला पाळण्यातच पाठ होते. पोन गुरुवार. मयताची दुआ तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या आणि शंभराव्या दिवशी बसते. म्हणजे तिसरा दिवस क्लिवोन शनिवार, सातवा वागे बुधवार. नेमक्या त्याच दोन संध्याकाळी तिने पुटपुटणं ऐकलं होतं. आणि मग तिची बोटं आपोआप पुढे मोजत गेली. चाळिसावा दिवस, पाहिंग सोमवार. म्हणजे तीन दिवसांनी.

तिथून ती थेट वॉर्ड कचेरीत गेली. तिथले पाक द्वियोनो, म्हणजे द्वियोनोसाहेब, तिला लहानपणापासून ओळखत होते, तिच्या नवऱ्याबरोबर कबुतरं उडवायचे.

"मी जिवंत आहे असं लिहून द्या," ती म्हणाली.

"बू, मला तर दिसतंच आहे. पण मी लिहून चालत नाही, यंत्राने म्हणायला हवं. ठेवा अंगठा."

तिने ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. तर्जनी ठेवली, लाल. त्यांनी तिची दहाही बोटं पुसली, फुंकली, ठेवून बघितली. चाळीस वर्षांच्या गरम मेणाने आणि रंगाच्या सोड्याने बोटांवर रेघच उरली नव्हती. लोकांच्या कापडावर रेघा ओढता ओढता तिच्या स्वतःच्या संपल्या होत्या.

"बू, तुमची बोटं कोरी आहेत," पाक द्वियोनो म्हणाले. यावर ते काहीतरी थट्टा करणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी नोंद उघडली. "ज्यांनी मृत्यू कळवला त्यांनीच लिहून द्यायला हवं, की पुरलेली बाई या नव्हेत. सोबत दोन साक्षीदार. नाहीतर कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे सहा महिने. गाव कारांगसांबी, तेगालच्या अलीकडे. कळवणारी रोह्याती. नातं..." ते अडखळले. "नातं, मुलगी."

"मला मुलगी नाही."

"कागदावर आहे, बू."

निघताना त्यांनी तिला तिचाच नंबर समजावून सांगितला, का कोण जाणे. बहुधा तिला जरा बसवून ठेवायला. हे पहिले आकडे गावाचे, हे मधले जन्मतारखेचे. बाईमाणूस असेल तर जन्माच्या दिवसात सरकार चाळीस मिळवतं. "तुमचा जन्म बाराचा, म्हणून इथे बावन्न. असा नंबर दुनियेत दुसऱ्या कोणाचा नाही. जपायला हवा होता, बू."

"आता सांगताय?" कासमिना म्हणाली. तिला त्यांचा खूप राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

सोमवारी दुपारी ती बसने कारांगसांबीला उतरली. घर विचारायची गरज पडली नाही. एका दारात चपलांचा ढीग लागला होता आणि आत चटया पसरलेल्या होत्या. पुरुष ओट्यावर बसले होते, बायका आत. दारात घुटमळणाऱ्या कासमिनाला बघून एक जाडजूड बाई म्हणाली, "लांबून आलात वाटतं? सरका गं, बूंना जागा द्या." बायका सरकल्या. कासमिना बसली. कोणीतरी तिच्या हातात यासीनची, म्हणजे मयतासाठी वाचायच्या कुराणातल्या सूऱ्याची, पुस्तिका दिली.

पुस्तिकेवर एका अनोळखी बाईचा फोटो होता. गोल चेहरा, थकलेले डोळे, जराशी हसरी. खाली सोनेरी अक्षरात छापलं होतं: मरहूमा कासमिना, रस्मादी यांची कन्या. जन्मतारीख कासमिनाची. बापाचं नाव कासमिनाच्या बापाचं. त्या माणसाने जन्मात तेगाल पाहिलं नव्हतं.

मग मोदिन, म्हणजे गावातले दुआ सांगणारे गृहस्थ, खाकरले आणि सुरुवात झाली. साठ-सत्तर माणसं एका लयीत पुटपुटू लागली. हाच तो आवाज होता. तोच, तसाच, मध्येच खोल जाणारा, परत वर येणारा. तिच्या घरात, मेणाच्या चुलीपाशी, बसने तीन तासांवर तिने हाच ऐकला होता. "रस्मादीची मुलगी कासमिना हिच्या रूहसाठी," मोदिन म्हणाले, आणि सगळे एकदम म्हणाले, "आमीन." कासमिनाच्या तोंडूनही आमीन निघालं. निघाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग! शेजारच्या बाईला वाटलं, तिला रडू आलंय. तिने कासमिनाच्या पाठीवरून हात फिरवला.

लोक पांगले. प्रत्येकाच्या हातात जेवणाचा डबा होता: भात, मसाल्यातलं कोंबडं, उकडलेलं अंडं, वर तिच्या नावाची चिठ्ठी. कासमिना डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. एक चोविशीची मुलगी चटया गुंडाळत तिच्यापाशी आली. हात राठ, डोळे सुजलेले, नखांत हळद.

"बू, बस चुकेल तुमची. माकच्या, म्हणजे माझ्या आईच्या, ओळखीच्या का तुम्ही? माक तर म्हणायची, तिचं कोणी नाही."

"तू रोह्याती?"

"हो."

कासमिनाने कमरेच्या पिशवीतून ओळखपत्र काढून चटईवर ठेवलं. रोह्यातीने ते उचललं, वाचलं, मग पुस्तिकेवरचं नाव वाचलं, मग परत ओळखपत्र.

"हे काय आहे?"

"तुझ्या आईने माझा नंबर वापरला. मी सरकारदरबारी मेले आहे. मला तुझी सही हवी."

"आज?" रोह्यातीचा आवाज चढला. ओट्यावर मोदिन आणि ती जाडजूड बाई अजून होती, ती दोघं वळून बघायला लागली. "चाळिसाव्याला माझ्या दारात येऊन बसायचं, माझ्या माकचा भात मांडीवर घ्यायचा, आणि वर तिला चोर म्हणायचं? लाज नाही वाटत?"

"वाटते ना! फार वाटते!" कासमिनाही चिडली. "पण माझ्या एका डोळ्याचं वाटोळं झालंय, दुसऱ्याचं होईल. पंचविसाला ऑपरेशन आहे आणि मेलेल्या बाईचं करत नाहीत. रेघ नाही ओढली तर खाऊ काय मी? हा भात किती दिवस पुरेल?"

रोह्याती हातातली चटई टाकून तिच्यासमोर बसली. मग ती बोलायला लागली, कासमिनाशी कमी आणि स्वतःशी जास्त. तिला तान्ही असताना माकने बसस्टँडवरून उचललं होतं. माक काढे विकायची, पाठीवर बाटल्यांची टोपली, गावात सगळे तिला माक काढेवालीच म्हणायचे. नावाची गरजच कधी पडली नाही. रोह्यातीचं नाव शेजाऱ्यांच्या कुटुंबपत्रिकेत घातलेलं. तरुणपणी माक परदेशात घरकामाला होती म्हणे, तिचे कागद एजंटने ठेवून घेतले ते कधी परत मिळालेच नाहीत. दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या. हॉस्पिटलने नंबर मागितला.

"मग एक दिवस माक बाजारातून आली ती हसतच. म्हणाली, रोह, माझे कागद सापडले. माझं नाव कासमिना आहे. मी किती खूश झाले होते, बू! मला वाटलं, माझ्या माकला नाव आहे."

"विकत घेतलं असणार कोणाकडून तरी."

"मला काय माहीत! ती रोज संध्याकाळी पाठ करायची. तुमच्या वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं. आणि नंबर." रोह्यातीने डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. सोळाच्या सोळा आकडे, चार चारांच्या चार ओळींत, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज जरा खाली, जपमाळ ओढावी तशा सुरात. एकही आकडा चुकला नाही. कासमिनाला स्वतःला तो कधी पाठ नव्हता. ओळखपत्र डोळ्याला लावून ती तो मेळवत राहिली.

"शेवटी शुद्ध गेली तेव्हा माक दुसरं काही बोलतच नव्हती," रोह्याती म्हणाली. "फक्त नंबर. सारखा नंबर. आणि मध्येच एकदा मला ओळखून म्हणाली, रोह, कोणीतरी न्यायला येईल. आली की तिचं तिला देऊन टाक. मला वाटलं, मौतच्या फरिश्त्याबद्दल बोलतेय."

बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या.

"मी सही करते," रोह्याती म्हणाली. "पण मग माझी माक कोण होती? शंभराव्याला मी कोणाच्या नावाने दुआ मागू? ती दुआ जाणार कुठे?"

आतापर्यंतची कुठे गेली हे कासमिनाला ठाऊक होतं, पण ते सांगायचं तिला धाडस झालं नाही. ओट्यावरून मोदिन उठून आत आले. म्हातारा माणूस, सगळं ऐकलेलं.

"बापाचं नाव माहीत नसेल तर आपण हव्वाची मुलगी म्हणतो, पोरी. सगळ्यांची आई तीच. दुआ पोचते."

"आणि नाव?"

"नाव तेच राहू दे तिला," कासमिना पटकन म्हणाली. बोलताना तिलाच आश्चर्य वाटलं, ती तर भांडायला आली होती. "आमच्या एका गल्लीत तीन कासमिना आहेत, अजून एक असली म्हणून काय बिघडतं? बाप मात्र माझा आहे. आणि नंबर माझा. तेवढं परत दे."

मोदिन आणि ती जाडजूड बाई साक्षीदार झाले. रोह्यातीने सही केली. जोडायला कासमिनाने ओळखपत्राची झेरॉक्स काढली, तशी रोह्यातीने ती तिच्या हातातून घेतली आणि चेहऱ्यावरून, नंबरवरून, आडव्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: फक्त जिवंत असल्याच्या दाखल्यापुरती. खाली तारीख टाकली.

"यापुढे कोरी कोणाला देऊ नका, बू," ती म्हणाली. "माझ्यासारखी अजून कोणीतरी निघेल तुमची मुलगी."

दोघीही हसल्या. मग रोह्याती रडली, आणि कासमिनाने तिला रडू दिलं. जाताना तिने पुस्तिकाही मागून घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नोंद दुरुस्त झाली, पंचविसाच्या चार दिवस आधी. दवाखान्याच्या खिडकीत तीच तरुणी होती. "नंबर सांगा, बू." कासमिनाने पिशवीत हात घातला, आणि तो बाहेर यायच्या आत तिच्या तोंडून नंबर सुटला, चार चारांच्या ओळींत, शेवटी आवाज खाली. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "दुआ म्हणावी तसा म्हणता तुम्ही." कासमिनाने तो साध्या आवाजात म्हणून बघितला. तिसऱ्या आकड्यालाच अडली. त्या सुराशिवाय तो तिला येतच नव्हता.

डोळा बरा झाला. पट्टी सुटली तेव्हा तिने आधी तांब्याची लेखणी हातात घेतली, आणि रेघ सरळ गेली. यू तारवीने गल्लीभर पेढे वाटावेत तशी भजी वाटली, तीही केळीच्या पानात. रद्दी तिने बंद केली होती. बू मुर्तिनी येऊन फक्त एवढंच म्हणाली, "गेलं ना तेल पळून?" आणि कासमिनाने मुकाट्याने ऐकून घेतलं.

शंभरावा दिवस पाहिंग शुक्रवारी आला. डॉक्टरांनी धुळीत प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती कारांगसांबीला जाऊ शकली नाही. संध्याकाळचा नमाज झाल्यावर ती मेणाच्या चुलीपाशी चटईवर बसली आणि कान देऊन वाट बघू लागली.

काहीच आलं नाही. मेण खदखदत होतं, गल्लीतून एक मोटरसायकल गेली, पाल चुकचुकली. तिकडे आता चटया पसरल्या असतील. मोदिन म्हणत असतील, हव्वाची मुलगी कासमिना. सगळं योग्य ठिकाणी जात होतं. नंबर परत आला होता, डोळा परत आला होता, सरकारला ती जिवंत दिसत होती. आणि रस्मादीच्या मुलीसाठी आज या जगात कोणी एक शब्दही म्हणत नव्हतं. चाळीस दिवस तिला कोणीतरी होतं. चुकून का होईना, होतं. तिच्यामागे खरोखर तिची वेळ येईल तेव्हा चटया कोण पसरणार होतं? कासमिनाला रडू कोसळलं. नव्या डोळ्यातून पाणी काढायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी तिला ते आवरेना.

मग तिने फडताळातून पुस्तिका काढली आणि फोटो चुलीच्या उजेडात टेकवून ठेवला. गोल चेहरा, थकलेले डोळे. दुआ म्हणायला तोंड उघडलं, पण आला तो नंबरच. तिने अडवला नाही. पहिले चार, आवाज खाली. पुढचे चार, त्यात तिचा बाराचा बावन्न झालेला. पुढचे चार. तिथे हुंदका आला म्हणून ती थांबली.

उरलेले चार तिने म्हटले नव्हते, तरी ते ऐकू आले. अगदी जवळून, त्याच सुरात, शेवटी आवाज जरा खाली.

कासमिनाने डोळे ओढणीने टिपले, आणि बाजूला सरकून चटईवर एका माणसाची जागा केली.